पदाच्या डोक्यावरची ओळ

जबलपूरच्या गोरखपुरात आमचं घर हाऊबाग स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर होतं. छोट्या गाडीची शिट्टी ऐकून आजी कुकर उतरवायची. घड्याळ भिंतीवर होतं, पण तिचा विश्वास गाडीवर. तिच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या तळाशी, लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट हिशेबाची वही असे. तिच्यात हिशेब नव्हते, नाटकातली पदं होती. काही तिच्या वडिलांच्या हातची, वळणदार. काही तिच्या स्वतःच्या, जराशा तिरक्या अक्षरातली. प्रत्येक पदाच्या डोक्यावर कंसात एक ओळ असे आणि तिच्या आधी एकच शब्द : चाल. ती ओळ बहुधा मराठी नसायची. कधी हिंदी, कधी उर्दू, कधी गुजराती, तर कधी मला मुळीच न कळणारी कानडी. लहानपणी मला वाटायचं, ही पदांची नावंच असावीत. मराठी पदाला उर्दू नाव का, हा प्रश्न मला कधी पडला नाही. गोरखपुरात सगळ्या गोष्टींना दोन-दोन नावं होती. घरात पोळी आणि शेजारी रोटी, घरात ओटा आणि बाहेर चबूतरा.

आजीचं माहेर खामगावचं. १ नोव्हेंबर १९५६ला मध्यप्रदेशाची फेरमांडणी झाली आणि हायकोर्टाचं ठिकाण नागपूरऐवजी जबलपूर झालं. आजोबा कोर्टात कारकून होते. फायलींबरोबर माणसंही आली, तसे तेही आले. वही त्याच सामानातून आली. तिच्यातली सगळ्यात जास्त पदं ज्यांची, त्यांना आजी ‘कोल्हटकर वकील’ म्हणायची. नाटककार, कवी, विनोदकार ही विशेषणं तिच्या लेखी नंतरची. खामगावच्या माणसाला ते आधी वकील वाटणार, हे साहजिक आहे.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर २९ जून १८७१ला नागपुरात जन्मले. त्याच्या बरोबर दहा दिवस आधी, १९ जूनला, दमोह जिल्ह्यातल्या पथरिया गावी माधवराव सप्रे जन्मले. दोघंही मराठी घरांतले, दोघंही मध्यप्रांतातले. सप्र्यांनी हिंदी धरली. ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढलं, ‘दासबोध’ आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं, आणि १९२०मध्ये आमच्या जबलपुरातून माखनलाल चतुर्वेदींच्या संपादनाखाली ‘कर्मवीर’ निघालं, त्यामागेही ते होते. त्यांचं नाव आमच्या शाळेत हिंदीच्या तासाला निघायचं. कोल्हटकरांचं नाव कुठल्याच तासाला निघालं नाही. सप्रे मराठीतला ऐवज हिंदीत नेत होते, त्याच वर्षांत कोल्हटकर हिंदुस्थानीतला ऐवज मराठीत आणत होते. फरक एवढाच, की सप्र्यांनी नेलेले ग्रंथ कपाटात दिसतात आणि कोल्हटकरांनी आणलेल्या चाली हवेत होत्या.

इथे थोडं मागे जायला हवं. विष्णुदास भाव्यांनी १८४३मध्ये सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा गाण्याचा भार सूत्रधारावर होता. पात्रं आपापलं भाषण करत, अभिनय करत. ३१ ऑक्टोबर १८८०ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले आणि पात्रं स्वतः गाऊ लागली. सांगतात की पारशी मंडळीचा ‘इंद्रसभे’चा खेळ पाहून अण्णासाहेबांना ही कल्पना सुचली. ‘इंद्रसभा’ म्हणजे लखनौच्या अमानतने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लिहिलेलं उर्दू गीतनाट्य. म्हणजे संगीत नाटकाच्या बारशाला उर्दू पाहुणी हजर होतीच. पण अण्णासाहेबांनी तिच्याकडून कल्पना घेतली, चाली घेतल्या नाहीत. ते गुर्लहोसूरचे, धारवाडकडच्या मुलखातले. चाली त्यांनी घेतल्या त्या कीर्तनातल्या, लावणीतल्या आणि कानडी. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत. दिंडीच्या ओळीत एकोणीस मात्रा, नऊ आणि दहा अशा तुटणाऱ्या. ही मापं प्रेक्षकांच्या कानांना आईच्या ओव्यांइतकी सवयीची होती. त्यामुळे शब्द थेट पोचत. ‘सौभद्रा’तलं पद ऐकताना चाल ऐकली असं वाटतच नाही, सुभद्रा बोलली असं वाटतं.

कोल्हटकरांनी हे घर सोडलं. १८९६मध्ये किर्लोस्कर मंडळीने त्यांचं ‘वीरतनय’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा ते पंचविशीत होते आणि कायद्याची परीक्षा अजून व्हायची होती. दोन गोष्टी त्यांनी एकाच वेळी केल्या. कथानक पुराणातून किंवा संस्कृत नाटकातून न घेता आपल्या मनाने रचलं. आणि पदांसाठी पारशी-उर्दू आणि गुजराती रंगभूमीवरच्या चाली घेतल्या. पहिल्या गोष्टीचं कौतुक पुढे पुष्कळ झालं. दुसरीबद्दल मात्र त्यांना बोल खावे लागले. जुन्या रसिकांना त्या चाली उथळ, बाजारी वाटल्या. मराठी नाटकाच्या अंगणात हा कुठला बँडबाजा, असाच एकूण सूर.

मला हे बोल वाचताना गंमत वाटते, कारण बाहेरचं आणि आतलं हा भेद कानाला फार उशिरा कळतो. कानडी चाल ‘आपली’ कधी झाली? तीही कुणीतरी उचलूनच आणली होती. पण गंमत बाजूला ठेवली तर एक खरी अडचण राहतेच, आणि ती कवीची आहे, गवयाची नाही.

युरोपात ऑपेरासाठी काव्य लिहिणाऱ्याचं काम उलट्या दिशेने चाले. लिब्रेटो आधी, संगीत मागून. मेतास्तासियो नावाचा इटालियन कवी १७३०पासून व्हिएन्नाच्या दरबारात होता. जन्मभर त्याने हेच लिहिलं, आणि त्याची एकेक संहिता वेगवेगळ्या संगीतकारांनी पुन्हापुन्हा स्वरबद्ध केली. शब्द एकच, संगीत अनेक. आपल्याकडे चाल आधी पक्की. कवीने तिच्यात शब्द बसवायचे. चाल एकच, शब्द अनेक. कोल्हटकर हे काम तेहतीस वर्षं करत राहिले, ‘वीरतनय’पासून १९२९च्या ‘श्रमसाफल्या’पर्यंत. मधे ‘मूकनायक’ (१९०१), ‘गुप्तमंजूष’ (१९०३), ‘मतिविकार’ (१९०७), ‘प्रेमशोधन’ (१९११), ‘वधूपरीक्षा’ (१९१४), आणि आणखीही. ‘मायाविवाह’ छापून आलं ते त्यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी.

आता हे बसवणं म्हणजे काय, ते वही पाहिल्यावर मला कळलं. दिंडी किंवा साकी लिहिणाऱ्या कवीला मोठं माप मिळतं. वाक्य सावकाश उलगडतं, क्रियापद शेवटी येऊन टेकतं. रंगभूमीवरची उर्दू चाल मात्र छोट्या तुकड्यांची. चार मात्रा, मग ठेका, मग पुन्हा चार. मधेच एखादा स्वर लांबतो आणि तिथे तोंड उघडं राहील असा ‘आ’ किंवा ‘ए’ हवा. ‘क्ष’ किंवा ‘ष्ठ’ आला तर गाणारा ठेचकाळतो. उर्दूत हे सोपं जातं, कारण तिच्यात ‘है’, ‘से’, ‘का’ असे सुटे, हलके शब्द मुबलक. मराठीत विभक्ती शब्दाला चिकटते. मग कवी काय करतो? संस्कृताकडे धावतो, कारण समास कमी जागेत जास्त माल भरतो. कोल्हटकरांच्या पदांत हे जागोजागी दिसतं. तीन-तीन शब्दांचे समास, आतले यमक, अनुप्रास, आणि त्यावर कोटी. कागदावर वाचताना मजा येते, जसं एखादं कुलूप आपल्याला उघडता आलं की येते. पण रात्री दहाला सुरू झालेल्या नाटकात, ध्वनिक्षेपकाविना, मागच्या बाकांवर बसलेल्या माणसाने ते कुलूप उघडायचं कधी? त्याला चाल मिळे, स्वर मिळे; अर्थ बहुधा घरी जाऊन पदांच्या पुस्तकात. नाटकाच्या पदांची छोटी पुस्तकं त्या काळी थिएटरवरच विकत मिळत. आजीच्या वडिलांनी वही लिहिली ती बहुतेक अशाच कुणाच्या तरी पुस्तकावरून, रात्रभराच्या उसनवारीवर.

मला वाटतं, वकिली आणि गणित त्यांना नडलं. हो, गणितही. ‘भारतीय ज्योतिर्गणित’ नावाचं पुस्तक लिहिणारा माणूस पदं लिहीत होता. मात्रा बरोबर भरल्या, यमक जुळलं, कोटी साधली, की हिशेब मिटला असं त्यांना वाटत असावं. पण गाणं हिशेबात मावत नाही. देवलांची ‘शारदा’ १८९९ची, ‘वीरतनय’नंतर तीन वर्षांची. तिच्यातली पदं साधी, घरगुती, आणि आजही लोकांच्या ओठांवर आहेत. याच्या उलट कोल्हटकरांचं एकही नाट्यपद मला कुणी रस्त्यात अडवून विचारलं तर पाठ म्हणता येणार नाही, आणि मी त्यांची वही घेऊन बसलेली बाई आहे.

तरीही त्यांना बाजूला सारता येत नाही. याचं कारण त्यांच्या पुढे काय झालं त्यात आहे. १९११मध्ये खाडिलकरांचं ‘मानापमान’ आलं, गोविंदराव टेंब्यांच्या चालींसह. १९१६मध्ये ‘स्वयंवर’, भास्करबुवा बखल्यांच्या चालींसह. ठुमरी, दादरा, ख्यालाच्या बंदिशी, सगळं उत्तरेकडचं वैभव मराठी रंगमंचावर आलं आणि बालगंधर्वांच्या गळ्यातून घराघरात गेलं. आज आपण ज्याला नाट्यसंगीत म्हणतो ते हे. पण कानडीकडे तोंड करून बसलेलं संगीत नाटक उत्तरेकडे वळलं ते या वळणावर नव्हे. ते पंधरा वर्षं आधी वळलं होतं. दार कोल्हटकरांनी उघडलं, त्यातून दिवाणखान्यात दुसरे शिरले. १९११ सालचं त्यांचं स्वतःचं ‘प्रेमशोधन’ ‘मानापमाना’च्या शेजारी फिकं पडलं. दार उघडणाऱ्याला वारा आधी लागतो, इतकंच.

नाटकांच्या विषयांचंही असंच आहे. कल्पित राज्यं, राजपुत्र, वेषांतरं, हरवलेल्या पेट्या, असा सगळा साज. आणि त्या साजाच्या आत मद्यपान, स्त्रीशिक्षण, विधवांचा पुनर्विवाह. त्यांच्या नायिका बोलतात. नायकाच्या कोटीला कोटी करून परतवतात. आजीला हे आवडायचं. “त्यांच्यातल्या बायका रडत नाहीत गं, उत्तर देतात,” असं ती एकदा भाकरी थापता थापता म्हणाली होती. स्वतः ती फारशी उत्तरं देणाऱ्यांतली नव्हती.

‘मूकनायक’ दारूवर. त्याच विषयावर त्यांच्या शिष्याने अठरा वर्षांनी जे केलं, त्यापुढे गुरूचं नाटक कुणाला आठवलं नाही. राम गणेश गडकरी कोल्हटकरांना गुरू मानत, उघडपणे आणि अभिमानाने. विनोद, कोटी, कल्पनेच्या कोलांट्या, सगळं त्यांनी त्यांच्याकडून घेतलं. आणि त्यात स्वतःची आग घातली. ‘गोविंदाग्रज’ म्हणून कविता, ‘बाळकराम’ म्हणून विनोद, आणि स्वतःच्या नावाने नाटकं. ‘एकच प्याला’ला राजपुत्र नाही, कल्पित नगर नाही. वकील सुधाकर, त्याची सिंधू, आणि तळीराम. घरात दारू येते आणि घर संपतं.

इथे एक गोष्ट मला कायम टोचत आली आहे. गडकरी मराठीतले पहिल्या पंक्तीतले कवी. आणि त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या संगीत नाटकातली पदं त्यांची नाहीत. ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. गडकरी क्षयाने खंगले होते. नाटक २० फेब्रुवारी १९१९ला बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने पहिल्यांदा केलं, तेव्हा गडकऱ्यांना जाऊन महिनाही झाला नव्हता. बालगंधर्वांची सिंधू गायली ती गुर्जरांच्या शब्दांत. प्रेक्षक रडले ते गडकऱ्यांच्या संवादांवर की गुर्जरांच्या पदांवर की बालगंधर्वांच्या सुरांवर, हे वेगळं काढता येत नाही. लिब्रेटो लिहिणाऱ्याचं भागधेय हेच. तो उत्तम असला की दिसेनासा होतो, आणि कोल्हटकरांसारखा दिसत राहिला की लोक म्हणतात, फार दिसतो.

गडकरी २३ जानेवारी १९१९ला नागपूरजवळ सावनेरला गेले, वय तेहतीस. ‘भावबंधन’ त्यांनी तिथेच अंथरुणावर पुरं केलं, ‘राजसंन्यास’ अपुरंच राहिलं. सावनेर हे नागपूर-छिंदवाडा छोट्या लाईनीवरचं स्टेशन. छिंदवाड्याहून तीच लाईन नैनपूरला यायची आणि नैनपूरहून आमच्या हाऊबागेला. म्हणजे मनात आणलं असतं तर आजीला घराशेजारी गाडीत बसून, दोन ठिकाणी गाडी बदलून, त्याच अरुंद रुळांवरून सावनेरला उतरता आलं असतं. ती कधी गेली नाही. मी गेले तेव्हा रूळ उपटलेले होते. जबलपूरची छोटी गाडी २०१५मध्ये बंद झाली.

कोल्हटकर शिष्यामागे पंधरा वर्षं राहिले. १९२७च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १ जून १९३४ला वारले. आज त्यांचं नाव निघतं ते दोन गोष्टींसाठी. एक ‘सुदाम्याचे पोहे’. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्यांनी मराठी विनोदाला जन्म दिला असं शाळेच्या पुस्तकात असतं आणि ते बरोबरही आहे. दुसरं त्यांचं महाराष्ट्रगीत, जे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळांत तर हमखास म्हटलं जातं. आमच्याकडे गणपतीत सगळे उभे राहून ते म्हणत. कर्त्याचं नाव विचारलं असतं तर निम्म्यांनी चुकीचं सांगितलं असतं. जन्मभर ज्या कामाला वाहून घेतलं, ती डझनभर नाटकं आणि त्यांतली शेकडो पदं मात्र ग्रंथालयाच्या मागच्या मांडणीत. नाही म्हणायला, त्यांच्याच वऱ्हाडातल्या अमरावतीत जन्मलेले विद्याधर गोखले १९६०मध्ये ‘पंडितराज जगन्नाथ’ घेऊन आले. उर्दू शायरीचे ते वेडे होते. त्यांचं नाव काढलं की मला त्या उघड्या दाराची आठवण होते.

वही मी पहिल्यांदा नीट वाचली ती आजीच्या शेवटच्या उन्हाळ्यात. दृष्टी गेली होती, कान शाबूत होते. मी पद वाचून दाखवायची आणि ती म्हणायची, “चाल सांग आधी.” मी कंसातली ओळ वाचायची. मग ती डोळे मिटून बोटांनी पलंगाच्या पट्टीवर ठेका धरायची. दिंड्या, साक्या तिला सगळ्या येत. कोल्हटकरांच्या पदांशी आलं की ती अडखळायची. चार ओळी जमायच्या, मग चाल तुटायची. “बाबा म्हणायचे हे. मला धुगधुगी राहिलीय नुसती.” एका दुपारी ‘वीरतनया’तल्या एका पदापाशी ती अशीच थांबली. शेजारच्या चाची लोणच्यासाठी कैऱ्या घेऊन आल्या होत्या आणि ओसरीत बसून चिरत होत्या. पंच्याहत्तरीच्या, कटनीकडच्या, मराठीचा एक शब्द येत नव्हता. आजी थांबली तिथून त्यांनी चाल उचलली. शब्द त्यांचे, हिंदी. पण चाल तीच, आणि पुढची. दोन कडवी म्हणून त्या म्हणाल्या, “यह तो हमारी दादी गाती थीं, ब्याह में. तुम लोगों के यहाँ भी है?”

आजी उठून बसली. म्हणाली, “पुन्हा म्हणायला सांग त्यांना.” मी सांगितलं. चाचींनी पुन्हा म्हटलं, आणि त्या स्वरावर आजीने मराठी शब्द घातले. समास, यमक, अनुप्रास, सगळे. पहिल्यांदा ते मला जड वाटले नाहीत. मी कोल्हटकरांविषयी वर जे कडक बोलले आहे, ते कागदावरच्या कोल्हटकरांविषयी आहे, हे तेव्हापासून ध्यानात ठेवते. तो समास जिथे अडतो असं मला वाचताना वाटे, तिथे चाल एक हलकी उडी घेते, आणि शब्द त्या उडीवर बसून पलीकडे जातो. त्यांनी ते मापूनच बसवलं होतं. मोजपट्टी माझ्याकडे नव्हती.

कैऱ्या तशाच राहिल्या. दोघींनी ते पद चार-पाच वेळा म्हटलं. मी मोबाईलवर टिपून घ्यायला हवं होतं, पण तो आत चार्जिंगला लावलेला होता आणि उठून जायचं माझ्या जिवावर आलं. आजी पावसाळ्यात गेली. चाची पुढे मुलाकडे भोपाळला राहायला गेल्या. जाण्याआधी मी त्यांच्याकडून ते गाणं लिहून घेतलं, त्यांच्या हिंदीत, जसं त्या म्हणत तसं, आणि वहीत त्या पदाखाली पेन्सिलीने उतरवलं. वर आजीच्या वडिलांच्या हातची कंसातली ओळ आहे. दोन्हींची सुरुवात जुळत नाही. पहिले दोन शब्द वेगळे आहेत. तिसऱ्या शब्दापासून दोन्ही एकच आहेत.